सरकारने अचानक घड्याळ बदललं तर? मुंबईची 39 मिनिटं काय शिकवतात

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात घड्याळात दुपारचे 12 वाजतात, तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. वर्षभराची सरासरी धरली तर त्याला यायला 12 वाजून 33 मिनिटं होतात. कारण भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते. कोरेगाव त्याच्या आठ अंशांहून जास्त पश्चिमेला आहे आणि एका अंशाला 4 मिनिटांचा फरक पडतो.

म्हणजे आपण पाळतो ती वेळ सरकारने ठरवलेली आहे. आणि सरकार ती बदलूही शकतं.

आपल्याकडे असं कधी झालंय?

- 1881: मुंबई सरकारने आपल्या कचेऱ्यांना मद्रास टाइम लावला. तो मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होता. विरोध इतका झाला की दोन वर्षांत माघार घ्यावी लागली.
- 1906: 1 जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ आली. रेल्वे आणि तारखात्याने ती स्वीकारली, पण मुंबई महापालिकेने 39 मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ सोडला नाही. फिरोजशहा मेहतांचा नव्या वेळेला विरोध होता. हा टाइम थेट 1955 पर्यंत टिकला.
- 1942: महायुद्धामुळे 1 सप्टेंबरपासून देशभरातली घड्याळं एक तास पुढे केली गेली. ती 15 ऑक्टोबर 1945 ला पूर्ववत झाली.

मग लोक काय करायचे?

वेळेसोबत ती कुठली, हेही सांगावं लागायचं: बॉम्बे की स्टँडर्ड? स्टँडर्ड टाइमची 10 ची गाडी बॉम्बे टाइमने 9 वाजून 21 मिनिटांनीच सुटायची. हा हिशोब चुकला की गाडी गेली.

आता तर फोन आपोआप वेळ बदलतो ना?

बदलतो, पण त्याला नवा नियम माहीत असेल तरच. जगभरातल्या वेळेच्या नियमांची एक सामायिक यादी असते. तिच्यात बदल झाला की तो अपडेटमधून फोनपर्यंत पोहोचतो आणि त्याला वेळ लागतो.

मोरोक्कोने ऑक्टोबर 2018 मध्ये घड्याळ मागे न नेण्याचा निर्णय जेमतेम दोन दिवस आधी जाहीर केला. मार्च 2023 मध्ये लेबनॉन सरकारने घड्याळं पुढे करणं ऐनवेळी लांबवलं. चर्चने ते मानलं नाही आणि काही दिवस एकाच देशात दोन घड्याळं चालली. शेवटी सरकारलाच निर्णय फिरवावा लागला.

आपण काय करायचं?

- नुसतं ‘रात्री 8 ला’ लिहू नका. ‘भारतीय वेळेनुसार रात्री 8’ असं लिहा.
- मुलगी लंडनला असेल तर लक्षात ठेवा: उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाच. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. अमेरिकेच्या तारखा वेगळ्या आहेत.
- विमानाच्या तिकिटावरची वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. वेळ बदलल्याची बातमी आली तर एअरलाइनकडून खात्री करा.
- परदेशात फोन चुकीची वेळ दाखवत असेल तर आधी सॉफ्टवेअर अपडेट करा. अपडेट आलं नसेल तर घड्याळाचे आकडे बदलू नका, सेटिंगमध्ये जाऊन योग्य फरकाचा टाइम झोन निवडा. आकडे बदलले की अलार्म आणि कॅलेंडरचा घोळ होतो.