ताप गेला, रिपोर्ट नॉर्मल, तरी उभं राहिलं की धडधड का होते? 'पॉट्स' म्हणजे काय आणि तो आटोक्यात कसा ठेवायचा?

कोरोना किंवा साधा व्हायरल ताप येऊन गेलेला असतो. खोकला थांबलेला, ऑक्सिजन 98. तरीही पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत गेलं की छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आंघोळ करून बाहेर आलं की पुन्हा आडवं व्हावं लागतं. इसीजी काढला, नॉर्मल. टूडी इको नॉर्मल. मग घरचे म्हणतात 'अशक्तपणा आहे', आणि दवाखान्यात सांगतात 'टेन्शन घेऊ नका'.

यात एक साधी गोष्ट सुटून जाते. इसीजी पेशंटला झोपवून काढतात आणि बीपी खुर्चीत बसवून तपासतात. त्रास मात्र उभं राहिल्यावर होतो. म्हणजे ज्या स्थितीत बिघाड दिसतो, त्या स्थितीत तपासणीच झालेली नसते.

या त्रासाचं एक महत्त्वाचं कारण म्हणजे 'पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम', थोडक्यात पॉट्स. हा मनाचा खेळ नाही. हा स्वायत्त चेतासंस्थेचा बिघाड आहे.

उभं राहिल्यावर शरीरात काय होतं?

हृदयाचे ठोके, रक्तदाब, पचन, घाम ही कामं आपल्याला न विचारता चालतात. ती सांभाळते स्वायत्त चेतासंस्था.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. निरोगी शरीरात चेतासंस्था लगेच तिथल्या रक्तवाहिन्या आवळते आणि ठोके 10 ते 20 नी वाढवते. काही सेकंदांत सगळं जागेवर येतं, आपल्याला कळतही नाही.

पॉट्समध्ये या वाहिन्या पुरेशा आवळल्या जात नाहीत, किंवा शरीरात रक्ताचं एकूण प्रमाणच कमी पडतं. काहींमध्ये नॉरॲड्रेनलिन हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त स्रवतं. मग मेंदूपर्यंत रक्त पोचवण्यासाठी हृदय धावायला लागतं. धडधड, हात थरथरणं, घाम, डोकं जड होणं, वाचलेलं लक्षात न राहणं हे सगळं त्यातून येतं. ही लक्षणं घाबरल्यासारखीच दिसतात, त्यामुळे 'अँझायटी' हे लेबल पटकन चिकटतं. 15 ते 50 वयोगटातल्या बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो आणि हे लेबलही त्यांनाच जास्त लागतं.

हा आजार कोरोनामुळे आला का?

नाही. पॉट्स हे नाव 1993 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दिलं. त्याच्याही खूप आधी, 1871 मध्ये, जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं होतं. त्यांना थोड्या श्रमानेही धडधड होई, चक्कर येई. त्यातल्या अनेकांचा त्रास ताप किंवा जुलाबानंतर सुरू झाला होता.

व्हायरसनंतरच असं का होतं, याचं एकच उत्तर नाही. संसर्गाशी लढताना तयार झालेल्या काही अँटिबॉडी स्वतःच्याच चेतासंस्थेवर उलटत असाव्यात, अशी एक शक्यता मांडली जाते. दीर्घ अंथरुणामुळे रक्ताचं प्रमाण आणि स्नायूंची ताकद घटते, हेही आहेच.

लसीबद्दलच्या फॉरवर्डवर थोडं बोलायला हवं. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयाच्या संशोधकांनी 2022 मध्ये सुमारे 2 लाख 85 हजार लस घेतलेल्यांच्या नोंदी तपासल्या. लसीनंतर पॉट्सचं निदान किंचित वाढलेलं दिसलं. पण कोरोना झाल्यानंतर हे निदान होण्याची शक्यता लसीनंतरच्या तुलनेत पाचपट होती. व्हायरल मेसेजमध्ये यातलं पहिलं वाक्य असतं, दुसरं नसतं.

घरी कसं तपासायचं?

सकाळी, चहा-कॉफीच्या आधी. शेजारी कुणीतरी हवंच, कारण तोल जाऊ शकतो.

10 मिनिटं शांत पडून राहा, नाडी आणि बीपी लिहा. मग उभे राहा. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, पाठ भिंतीला टेकलेली. बोलायचं नाही, हलायचं नाही. दर मिनिटाला नाडी, शक्य असेल तर बीपी, आणि काय वाटतंय ते लिहा. असं 10 मिनिटं. मध्येच फार त्रास झाला तर लगेच आडवे व्हा, तीही नोंदच आहे.

या 10 मिनिटांत ठोके 30 किंवा त्याहून जास्त वाढले आणि वाढलेलेच राहिले (12 ते 19 वयात 40), बीपी फारसं पडलं नाही, आणि हा त्रास किमान 3 महिन्यांपासून असेल, तर पॉट्सचा विचार होतो. वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने घसरलं, तर तो वेगळा आजार असू शकतो. स्मार्टवॉचचा आकडा अंदाजापुरता ठीक, बीपी मात्र दंडाच्या मशीननेच मोजा.

हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. फिजिशियन, हृदयरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्ट गरज वाटल्यास 'टिल्ट टेबल' चाचणी सांगतात. त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि सुरू असलेली औषधं तपासायलाच हवीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के महिलांना ॲनिमिया आहे, आणि ॲनिमियातही धडधड होतेच.

मीठ वाढवायचं? घरात तर बीपीचे पेशंट आहेत!

इथेच बहुतेक घरांत वाद होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. पॉट्सच्या रुग्णाला मात्र तज्ज्ञ 10 ग्रॅमपर्यंत मीठ आणि 2 ते 3 लिटर पाणी सुचवतात, कारण मीठ पाणी धरून ठेवतं आणि रक्ताचं प्रमाण वाढतं. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, माणसं वेगळी आहेत. उच्च रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नका.

आमटी सगळ्यांसाठी आळणीच राहू द्या. पॉट्स असलेल्याने आपल्या ताटात मीठ घ्यावं, ताकात, लिंबूपाण्यात, पेजेत घालावं. ओआरएस चालतं, पण एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न नियामक एफएसएसएआयनेही अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली.

रोजच्या दिवसात काय बदलायचं?

सकाळी उठण्याआधी पलंगावरच दोन ग्लास पाणी प्या. मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा. एवढ्यानेही पहिला तास बराच सुसह्य होतो.

कढत पाण्याने वाहिन्या सैलावतात, म्हणून कोमट पाणी घ्या आणि स्टुलावर बसून आंघोळ करा. भाजी चिरणं, पोळ्या लाटणं बसून होऊ शकतं. यात आळस कसला? पोटभर भाताच्या जेवणानंतर रक्त पचनाकडे वळतं, त्यामुळे थोडंथोडं चार-पाच वेळा खाणं बरं. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर पडणं टाळाच.

लोकलमध्ये किंवा रांगेत उभं राहावं लागलं तर पायांची कात्री करून मांड्या घट्ट आवळा, मुठी दाबा. अंधारी आलीच तर लाज न बाळगता खाली बसा. पडून डोकं फुटण्यापेक्षा ते बरं.

मोजे घ्यायचे तर कमरेपर्यंतचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग घ्या. घोट्यापर्यंतच्या मोज्यांचा उपयोग नाही, कारण बरंचसं रक्त पोटात साचतं. आपल्या उकाड्यात असे मोजे सहन होत नसतील तर नुसता पोटपट्टाही मदत करतो, बाळंतपणानंतर बांधतात तसा.

व्यायाम करायचा की आराम?

नातेवाईक सांगतात, 'रोज चालायला जा, सवय होईल'. पॉट्समध्ये सुरुवात उभ्याने नव्हे, आडव्याने करतात. झोपून पायांचे व्यायाम, मग बसून चालवायची मागे टेकायची सायकल, जमत असेल तर पोहणं. आठवड्यागणिक थोडं वाढवायचं. उभ्याचा व्यायाम काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. पटापट वर-खाली व्हावं लागणारे सूर्यनमस्कारही सुरुवातीला नकोत.

एक अपवाद मात्र नीट लक्षात घ्या. थोडे श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पूर्ण कोसळत असेल, ताप आल्यासारखं अंग मोडत असेल, तर ठरवून व्यायाम वाढवणं नुकसान करू शकतं. अशा दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमधून टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार काढून टाकला. तिथे ताकद जपून वापरणं हाच उपाय: थकण्याआधी थांबायचं.

औषधं आहेत का?

आहेत, पण खास पॉट्ससाठी बनलेलं एकही नाही. लक्षणं पाहून डॉक्टर कमी डोसचं प्रोप्रॅनोलॉल, आयव्हाब्रॅडिन, मिडोड्रिन किंवा फ्लुड्रोकॉर्टिसोन देतात. आयव्हाब्रॅडिनवर 2021 मध्ये आलेल्या चाचणीत फायदा दिसला, पण त्यात रुग्ण होते अवघे 22. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल घातक ठरू शकतं, आयव्हाब्रॅडिन गरोदरपणात चालत नाही, आणि मिडोड्रिन घेऊन चार तास आडवं व्हायचं नसतं. त्यामुळे रीलमध्ये कुणी सांगितलेली गोळी मेडिकलमधून आणू नका.

पॉट्स सहसा जिवावर बेतत नाही. अनेकजण महिन्यांत किंवा काही वर्षांत बरेच सुधारतात, काहींना तो दीर्घकाळ सांभाळावा लागतो. पण छातीत दुखणं, श्रम करताना शुद्ध हरपणं, झोपलेलं असतानाही ठोके भरधाव किंवा अनियमित होणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर ते पॉट्सच्या खात्यावर टाकू नका. 108 ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टीत जा.