झाडं छाटायचा व्यवसाय करायचाय? करवत घेण्याआधी या गोष्टी शिका

मे महिना लागला की ठाणे-डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, "झाडं छाटणारा कोणी माहितीये का?" कुणीतरी नंबर देतं. दोन माणसं कोयता, करवत आणि दोर घेऊन येतात, चपला काढून वर चढतात आणि तासाभरात झाडाचा शेंडा उडवून खाली उतरतात.

शीळफाट्याच्या आसपास या कामाला तोटा नाही. कल्याण-शीळ रस्त्यालगत गृहसंकुलं उभी राहिली आणि त्यांच्या आवारात लावलेली झाडं आता मोठी होतायत. पण झाडाची शास्त्रशुद्ध छाटणी करणारा माणूस शोधायला गेलात तर पटकन सापडत नाही. परदेशात अशा माणसाला ट्री सर्जन किंवा आर्बोरिस्ट म्हणतात. आपल्याकडे हा व्यवसाय सुरू करायचा असेल तर नेमकं काय शिकावं लागतं?

झाड वाचायला शिका

सगळ्यात आधी शिकायची गोष्ट जमिनीवरच आहे. कुठलं झाड धोकादायक आणि कुठलं नुसतं वाकडं, हे ओळखता आलं पाहिजे.

मुंबईतलं एक उदाहरण बघा. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्यावरून चालणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात तिचा जीव गेला. हे झाड धोकादायक आहे, तोडायची परवानगी द्या, असा अर्ज आधीच झाला होता. पाहणी झाली, पण परवानगी मिळाली नव्हती. म्हणजे करवत चालवण्याच्या कितीतरी आधी, झाड बघण्याच्या टप्प्यावरच माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

मग बघायचं काय? बुंध्याशी उगवलेली कडक अळंबी (आत कुजल्याची ही मोठी खूण), खोडातली पोकळी, दोन फांद्यांच्या बेचक्यातली चीर, मुळांजवळ उचललेली माती, गटार किंवा पाइपलाइनसाठी खोदताना तुटलेली मुळं आणि बुंध्यापर्यंत भिडलेलं काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक. प्रत्येक झाडाचा स्वभावही वेगळा. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, तर रेन ट्रीच्या आडव्या फांद्या लांबवर जातात आणि त्यांचं वजन टोकाला येतं.

कुठे कापायचं आणि कुठे नाही

अमेरिकन शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून त्यांच्या जखमा तपासल्या. त्यातून १९७० च्या दशकात एक गोष्ट पुढे आली. आपल्या त्वचेसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आतल्या आत भिंत घालून बंद करतं आणि त्याभोवती नवीन लाकूड वाढवतं.

फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर भाग असतो, त्याला कॉलर म्हणतात. काप या कॉलरच्या लगेच बाहेर घ्यायचा. खोडाला चिकटून कापलं तर कॉलर जाते आणि कूज थेट खोडात शिरते. लांब खुंट ठेवला तर तोही कुजतो. कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइल पेंट फासल्याने कूज थांबत नाही.

जड फांदी तीन कापांत काढतात. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी खाली पडते, पण साल खोडापर्यंत सोलली जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात कॉलरच्या बाहेरून काढायचा.

शेंडा उडवणं ही सर्वात मोठी चूक. तिथून झपाट्याने फुटणारे नवे फुटवे वरवर जोडलेले असतात आणि चार-पाच वर्षांनी वादळात तेच मोडून पडतात. एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त पालवी काढू नये, असा साधारण नियम आहे.

दोर, उंची आणि करवत

वर चढायला हार्नेस, झाडकामाचा दोर, हेल्मेट आणि खाली उभा असलेला जाणता जोडीदार लागतोच. करवत चालवताना मुख्य दोराशिवाय दुसरा आधारही अडकवलेला हवा, कारण चुकून एक कापला गेला तर दुसरा धरतो. चेनसॉ नेहमी दोन हातांनी धरायची. पात्याचं टोक लाकडाला लागलं तर ती क्षणात उलटी चेहऱ्याकडे उसळते. म्हणून आधी जमिनीवरचे ओंडके कापून सराव करा, झाडावर करवत न्यायची घाई नको.

विजेच्या तारांजवळ फांदी असेल तर त्या भागातल्या वीज कंपनीकडून वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. ओली फांदीसुद्धा वीज वाहून नेते.

परवानगी कुणाची?

शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हे सगळं येतं. त्यामुळे "आम्ही तोडलं नाही, फक्त छाटलं" हा बचाव चालेलच असं नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला.

शीळफाट्यावर काम करणाऱ्याला हद्द माहीत हवी. शीळ ठाणे महापालिकेत येतं, डोंबिवलीकडे गेलात की कल्याण-डोंबिवली महापालिका आणि महापेकडे उतरलात की नवी मुंबई. अर्ज त्या त्या महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. तो सोसायटीने किंवा जागामालकाने करायचा आणि लेखी परवानगीची प्रत काम करताना तुमच्या खिशात असली पाहिजे. तोंडी "करा हो" म्हणजे परवानगी नव्हे.

झाडावर घरटी आहेत का, हेही बघा. बगळे पावसाळ्यात मोठ्या झाडांवर वसाहती करतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घरटी आणि अंडी नष्ट करणं गुन्हा ठरू शकतो.

शिकायचं कुठे?

नारळावर चढण्यासाठी नारळ विकास मंडळाचं 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' हे प्रशिक्षण आहे. चढायचं यंत्र वापरायला तिथे शिकवतात. झाडांची ओळख आणि रोगांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे. गिर्यारोहण संस्थांकडून दोर आणि गाठींची पायाभरणी होते, पण झाडावरचं तंत्र वेगळं असतं, ते अनुभवी माणसाच्या हाताखालीच शिकावं. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरच्या सर्टिफाइड आर्बोरिस्ट परीक्षेला बसायचं तर तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव किंवा शिक्षण आणि अनुभव यांची सांगड लागते.

धंदा म्हणून उभा करताना

उद्यम नोंदणी करून घ्या. माणसं कामावर ठेवणार असाल तर त्यांचा अपघात विमा आधी काढा, मशीन नंतर घ्या. दर सांगताना फांद्या उचलून नेणं, रस्ता अडवणं आणि परवानगीसाठी लागणारा वेळ लेखी मांडा. कामाआधी आणि नंतर प्रत्येक झाडाचे फोटो काढून ठेवा.

आणि एक तयारी मनाची. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतील, "पूर्ण टक्कल करा, म्हणजे तीन वर्षं बघायला नको." तेव्हा नाही म्हणता आलं पाहिजे. ते काम कदाचित हातचं जाईल. पण तुम्ही नीट छाटलेलं झाड पुढच्या जूनच्या वाऱ्यात उभं राहिलं, तर त्याच ग्रुपवर पुढच्या मे महिन्यात नंबर तुमचा पडेल.