गेंदखान्याचा जिमखाना

मुंबईचे जुने वानखेडे स्टेडियम पाडले जाण्यापूर्वीच्या त्याच्या अखेरच्या दिवसांचा माग काढण्याच्या उद्योगात मी काही काळ होतो. मार्च 2006 मधील तेथला शेवटचा कसोटी सामना, त्यातला अवघ्या शंभर धावांत आटोपलेला आपला दुसरा डाव आणि 2011 च्या विश्वचषकासाठी झालेली पाडापाड एवढे टिपून झाल्यावर त्या वास्तूची वंशावळ मागे न्यावी असे वाटले. वानखेडे 1975 चे, त्याआधीचे ब्रेबोर्न 1937 चे, आणि त्याही आधी बॉम्बे जिमखान्याचे मैदान, जेथे डिसेंबर 1933 मध्ये हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथांनी 118 धावा काढल्या. त्या सामन्यासाठी उभारलेले मांडव आणि शामियाने सामना संपताच उतरले. उरले ते नाव, आणि त्या नावापाशीच माझा पाय अडखळला.

ठाणे-कल्याणकडून बोरीबंदरला उतरून आझाद मैदानाच्या कडेने जाणारा आपला माणूस 'जिमखाना' हा शब्द रोज वाचतो. डोंबिवलीत तर जिमखानाही आहे आणि जिमखाना रोडही. 'खाना' फारसी, हे उघड आहे. शिवशाहीच्या अठरा कारखान्यांत तोफखाना, पीलखाना, जामदारखाना यांच्या पंक्तीला तालीमखानाही बसलेला आहे. प्रश्न आहे तो 'जिम'चा. यूल आणि बर्नेल यांनी 1886 साली प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात असे अनुमान आहे की, हा बनावट शब्द मुंबई इलाख्यात जन्मला आणि त्याच्या मुळाशी 'गेंदखाना', म्हणजे साहेबांच्या रॅकेट-कोर्टाचे हिंदुस्थानी नाव असावे. चेंडूचे घर! ज्याला आपण ग्रीक व्यायामशाळेचे अपत्य समजत होतो, तो संस्कृत कंदुकाच्या गोत्रातला निघाला.

दुसरा पक्ष 'जमातखान्या'चा आहे. तो मला मुळीच पटत नाही. मुंबईत जमातखाना म्हणजे खोजा समाजाच्या प्रार्थनेची व एकत्र जमण्याची जागा. ते नाव उचलून साहेब आपल्या खेळाच्या जागेला देईल हे संभवत नाही, शिवाय मधला 'त' कोठे गेला याचा हिशेब त्या पक्षाकडे नाही. 'जिम्नॅस्टिक'ला थेट खाना जोडला, असे म्हणणाऱ्यांचे बळ अधिक आहे. तथापि गेंदखाना हे नाव व्यवहारात आधीच रुळलेले असताना तेच काम करणारे दुसरे नाव कोणी मुद्दाम कशाला घडवील?

गेंदखान्याविरुद्ध आक्षेप येतो तो 'ग'चा 'ज' कसा झाला हा. माझ्या मते हा बदल तोंडात झाला नाही, कागदावर झाला. गेंद हा शब्द रोमन लिपीत लिहिला की इंग्रजी वाचकाची जीभ त्या पहिल्या अक्षराचा आपल्या सवयीने 'ज' करते. हिशेबाच्या वहीत किंवा पाटीवर नोकरांचा गेंदखाना साहेबाने 'जेंदखाना' वाचला असेल, आणि मग व्यायामवाचक 'जिम' कानाशी असल्यामुळे उरलेला 'द' आपोआप गळाला असेल. ग्रीक 'जिम्नॉस'चा अर्थ उघडा, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याला आपल्या 'नग्न' शब्दाचा सगोत्र मानतात. म्हणजे वाट चुकूनही शब्द परक्या घरी गेला नाही.

एक अडचण त्याच कोशाने उभी केली आहे. जन्म मुंबई इलाख्यात म्हणायचा आणि पहिली नोंद द्यायची ती 1861 सालच्या रुडकीची, हे कसे? रुडकी ही छावणी, आणि तेथे इंजिनिअरांचे विद्यालय; 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि पुढल्याच वर्षी कल्याणपर्यंत लोहमार्ग आल्यानंतर इंजिनिअर व लष्करी अंमलदार बदलीच्या हुकुमाबरोबर इलाख्या-इलाख्यांतून फिरत होते, आणि त्यांच्या सामानासुमानाबरोबर हा शब्दही उत्तरेला पोहोचला असावा, असे मी धरून चालतो. बॉम्बे जिमखाना 1875 मध्ये स्थापन झाला, तोवर शब्दाला पाय फुटले होते. मराठी कानाला मात्र तो कधीच परका वाटला नसावा, कारण तालीमखान्याने त्याची जागा अगोदरच झाडून ठेवली होती. म्हणूनच पुण्यात डेक्कन जिमखाना ही संस्था 1906 मध्ये निघाली आणि तिच्या नावाने अख्खी वस्ती ओळखली जाऊ लागली, तरी आमच्या शाळा-कॉलेजांतून 'जिमखाना फी' भरताना या शब्दाचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.