मिळकतीवर दावा आला तर एक्झिक्युटरने काय करावे?

मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून नाव घातले जाते ते बहुधा विश्वासातल्या माणसाचे. धाकटा भाऊ, जुना स्नेही किंवा घरचा वकील. होकार देताना काम सोपे वाटते: देणी भागवावीत, उरलेले मृत्युपत्राप्रमाणे वाटून द्यावे. पुढे एखादा धनको अथवा जुना भागीदार मयताकडून मोठी रक्कम येणे असल्याचा दावा लावतो आणि एक्झिक्युटर कात्रीत सापडतो. दावा लढवला तर वकिलाचा खर्च मिळकतीतून जाणार, न लढवला तर वारस जाब विचारणार.

ही कात्री कायद्यानेच धरलेली आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३६८ नुसार एक्झिक्युटरने मिळकतीचा गैरविनियोग केला किंवा तिचे नुकसान होऊ दिले, तर ते त्याला स्वतः भरून द्यावे लागते. या कलमाखालचे पहिलेच उदाहरण निराधार मागणी मिळकतीतून भागवणाऱ्या एक्झिक्युटरचे आहे. म्हणजे भांडण नको म्हणून पैसे देऊन मोकळे होणे हा सुरक्षित मार्ग नव्हे. उलट, हरण्याजोगा दावा हट्टाने लढवून मिळकत खर्चात घालणे हेही नुकसानच.

यावरचा तोडगा इंग्लंडमधील न्यायालयांनी शतकापूर्वीच स्पष्ट केला. १८९३ च्या ‘बेडो’ खटल्यात मिळकतीचा हयातीपुरता उपभोग घेणाऱ्या व्यक्तीने विश्वस्ताकडून दस्तऐवज मिळावेत म्हणून दावा केला होता. विश्वस्ताने न्यायालयाला न विचारता तो लढवला आणि हरला. मग खर्च मिळकतीतून मागितला. तेथील अपील न्यायालयाने तो पूर्ण देण्यास नकार दिला. अगोदर परवानगी मागितली असती तर जेवढा खर्च आला असता, तेवढ्यापुरताच त्याचा हक्क मान्य झाला. आपण प्रामाणिकपणे सॉलिसिटरच्या सल्ल्याने वागलो, एवढे सांगणे पुरेसे ठरले नाही. तेव्हापासून अशा पूर्वपरवानगीला तिकडे ‘बेडो आदेश’ म्हणतात. एक्झिक्युटरलाही हाच नियम लागू पडतो.

हा अर्ज मूळ दाव्याचा निकाल मागणारा नसतो, हे नीट लक्षात घेण्यासारखे आहे. मागणी खरी की खोटी ते न्यायालय त्यात ठरवत नाही. मिळकतीच्या पैशाने ही लढाई करणे शहाणपणाचे आहे काय, इतकाच प्रश्न असतो. म्हणून अर्जासोबत यशाच्या शक्यतेबद्दल वकिलाचे लेखी मत, अपेक्षित खर्च, हरल्यास प्रतिपक्षाचा द्यावा लागणारा खर्च, मिळकतीची एकूण किंमत आणि लाभार्थींचे म्हणणे द्यावे लागते. दुबळ्या बाजूही त्यात उघड कराव्या लागतात. साहजिकच ही कागदपत्रे प्रतिपक्षाच्या हाती पडू नयेत अशी व्यवस्था असते, आणि अर्ज ऐकणारे न्यायाधीश सहसा मूळ दावा चालवणाऱ्यांहून वेगळे असतात. परवानगी अनेकदा एका टप्प्यापुरतीच मिळते. दोन्ही बाजूंची कागदपत्रे समोर आल्यावर एक्झिक्युटरला पुन्हा विचारणा करावी लागते. तथ्ये लपवून मिळवलेला आदेश त्याला वाचवत नाही.

भांडण वारसांचे आपसांत असेल तर गोष्ट वेगळी. कोणाला किती मिळावे या वादात एका बाजूचा झेंडा मिळकतीच्या पैशाने मिरवणे इंग्लंडमधील न्यायालयांना रुचत नाही. तेथे एक्झिक्युटरने तटस्थ राहावे, अशीच अपेक्षा असते. मृत्युपत्राच्या खरेपणालाच आव्हान असेल तर मात्र आपल्याकडे ते सिद्ध करण्याचा भार प्रोबेट मागणाऱ्या एक्झिक्युटरवरच येतो.

भारतात १९२५ च्याच अधिनियमाचे कलम ३०२ उपयोगी पडते. प्रोबेट मिळाल्यावर उच्च न्यायालय अर्जावरून एक्झिक्युटरला मिळकतीबाबत अथवा तिच्या व्यवस्थेबाबत सर्वसाधारण किंवा विशेष निर्देश देऊ शकते. विश्वस्तांसाठी भारतीय विश्वस्त अधिनियम, १८८२ च्या कलम ३४ मध्ये न्यायालयाचा सल्ला मागण्याची सोय आहे. खरी माहिती देऊन त्या सल्ल्याप्रमाणे वागणाऱ्या विश्वस्ताने कर्तव्य पार पाडले असे मानले जाते. कलम ३०२ मध्ये असे अभयवचन शब्दांत दिलेले नाही. तरीही न्यायालयाच्या निर्देशाप्रमाणे वागलेल्या एक्झिक्युटरवर नंतर बेपर्वाईचा ठपका ठेवणे वारसांना अवघड जाते.

प्रत्येक किरकोळ मागणीसाठी उच्च न्यायालयात जाण्याचे कारण नाही. अर्जालाही खर्च येतोच. सर्व लाभार्थी सज्ञान असतील आणि दावा लढवण्यास, खर्चासह, लेखी संमती देत असतील तर बहुधा तेवढे पुरते. त्यांत एखादा अज्ञान असेल तर त्याच्या वतीने अशी संमती सहज गृहीत धरता येत नाही, आणि न्यायालयाचा मार्गच बरा.

दावा चालू असताना वाटपाची घाई मात्र करू नये. मृत्यूपासून एक वर्षापर्यंत मृत्युपत्राप्रमाणे देणग्या देण्याची सक्ती कलम ३३७ नुसार एक्झिक्युटरवर नसते. कलम ३६० प्रमाणे धनकोंना रीतसर नोटीस देऊन मुदतीनंतर वाटप केले, तर त्या वेळी माहीत नसलेल्या मागणीसाठी तो जबाबदार राहत नाही. दाखल झालेला दावा त्याला माहीत असतोच, म्हणून तिथे हे संरक्षण मिळत नाही. नोटिशीनंतर उगवलेला धनको मात्र, वाटप होऊन गेले तरी, ज्यांच्या हाती मिळकत गेली त्यांच्याकडे वळू शकतो.