कंदील ते एलईडी : ऊसपट्ट्यातील रस्त्यावरील वाहनदिव्यांचा इतिहास
(विशेष संदर्भ : पुरुषोत्तमनगर परिसर, जि. नंदुरबार)

प्रस्तावना :

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर ही वसाहत श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढली. पी. के. अण्णा पाटील यांच्या सहकारी कार्याशी तिचे नाव निगडित आहे. त्या कार्याचा आढावा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ऊस ज्या रस्त्याने कारखान्याकडे येतो त्या रस्त्यावरील रात्रीच्या उजेडाचा येथे मागोवा घ्यावयाचा आहे. गाळपाच्या हंगामात ऊसपट्ट्यातील रस्त्यावर टायरगाडी, दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मालमोटार, मोटारसायकल आणि पायी चालणारा मजूर हे सर्व एकाच वेळी असतात. यांपैकी काहींजवळ डोळे दिपवणारा दिवा असतो, तर काहींजवळ दिवाच नसतो. हॅलोजनचा दिवा काढून त्या जागी अधिक प्रखर दिवा बसविण्याची जी प्रथा अलीकडे सर्वत्र रूढ झाली आहे, तिचा विचार या रस्त्यावर उभे राहून केला, तर तो केवळ वाहनमालकाच्या सोयीचा प्रश्न राहत नाही.

दिसण्याचा दिवा आणि पाहण्याचा दिवा :

बैलगाडीच्या आखाखाली टांगलेला कंदील गाडीवानाला वाट दाखवीत नसे. वाट बैलांना ठाऊक असे. मागून-पुढून येणाऱ्यास गाडी दिसावी, एवढेच त्या कंदिलाचे प्रयोजन होते. मोटार आली आणि दिव्याचे काम बदलले. वेग वाढल्यामुळे चालकाला पुढचे लांबवर दिसणे आवश्यक झाले. आरंभीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडून निघणारा ॲसिटिलीन वायू त्यांत जळे. १९१२ मध्ये कॅडिलॅक कंपनीने विजेवर सुरू होणारी व विजेच्या दिव्यांची मोटार बाजारात आणली आणि त्यानंतर कार्बाइड मागे पडत गेले. आपल्याकडे १९१४ साली अखिल भारतीय स्वरूपाचा पहिला मोटारवाहन कायदा झाला, तो याच संक्रमणाच्या काळातील होय.

विजेचा दिवा प्रखर होताच समोरच्याचे डोळे दिपू लागले. यावरील उपाय १९२० च्या दशकात युरोपात निघाला. एकाच काचेत दोन तारा, एक लांबच्या झोतासाठी व दुसरी खाली झुकलेल्या झोतासाठी. खालच्या झोताच्या तारेखाली धातूची लहानशी वाटी बसविलेली असते. त्यामुळे प्रकाश परावर्तकाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली रस्त्याकडे वळतो. आपल्याकडील चालक ज्यास ‘अपर-डिपर’ म्हणतात त्याचे मूळ या चिमुकल्या वाटीत आहे. मालमोटारींच्या पाठीवर रंगविलेले ‘यूज डिपर ॲट नाइट’ हे वाक्य म्हणजे तिचीच लोकप्रिय आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

१९५० च्या दशकात युरोपात डिपरच्या झोताला एकतर्फी आकार देण्यात आला. डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांत या झोताची वरची कड उजवीकडे सपाट, तर डावीकडे किंचित चढती ठेवतात. उजवीकडून समोरचे वाहन येते, म्हणून तिकडे प्रकाश रोखून धरावयाचा. डाव्या कडेला पादचारी आणि गाडीवान असतात, म्हणून तिकडे तो लांबवर जाऊ द्यावयाचा. दिव्याच्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाची पायरी प्रस्तुत लेखकास हीच वाटते. प्रकाश कोठे टाकावयाचा याइतकेच तो कोठे टाकावयाचा नाही, हे तीत ठरले.

हॅलोजन व त्यानंतर :

युरोपात १९६२ मध्ये मोटारीच्या पुढील दिव्यात हॅलोजन आले. १९७१ मध्ये दोन तारांचा ‘एच-४’ प्रकार आला. या प्रकारात वाटी कायम राहिली. भारतातही हा ६०/५५ वॅटचा दिवा हळूहळू सर्वत्र रुळला. मात्र तो रुळतो न रुळतो तोच त्याच जागी १००/९० वॅटचे दिवे बसविण्याची चाल पडली. मूळ तारा हा भार पेलत नाहीत, म्हणून वेगळी वायरिंग आणि रिले बसवावा लागे. जेथे तो बसविला गेला नाही तेथे होल्डर वितळे व परावर्तकाचा मुलामा काळवंडे. यावर पोलिसांचा उपाय अगदी देशी होता. काचेवर काळ्या रंगाचा ठिपका वा पट्टा!

झेनॉन दिवा १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मोटारीत आला. एच-४ चा डिपर सुमारे १००० ल्युमेन प्रकाश देतो, तर ३५ वॅटचा झेनॉन सुमारे ३२०० ल्युमेन. म्हणजे प्रकाश तिपटीहून अधिक. परंतु अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो, या नियमानुसार तिप्पट प्रकाशाने दृष्टीची मजल फार तर पावणेदोनपट वाढते. समोरच्याच्या डोळ्यांत चुकून जाणारा प्रकाश मात्र त्याच अंतरावर पुरता तिप्पट होतो. हे ओळखूनच युरोपीय नियमांनी २००० ल्युमेनहून प्रखर डिपरसाठी झोताची उंची आपोआप जुळविणारी यंत्रणा व काच धुण्याची सोय सक्तीची केली. बाजारात मिळणाऱ्या सुट्या संचांत दिवा असतो, या दोन गोष्टी नसतात. २००७ मध्ये लेक्ससच्या मोटारीत डिपरसाठी एलईडी आला, तोही त्याच्यासाठीच घडविलेल्या भिंगासह. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडीचा दिवा खोचला, तर प्रकाशाचा उगम मूळ तारेच्या जागी नेमका येईलच असे नाही. तो थोडा जरी सरकला तरी वर वर्णिलेली कड विस्कटते. काचेतून प्रकाश भरपूर बाहेर पडतो, पण तो वाटेल तेथे जातो.

कायद्याची दृष्टी आणि रस्त्याची कड :

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ या संदर्भात वाचण्यासारखा आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्यास दिपवणार नाही इतका झोत कायमचा खाली झुकलेला असावा, असे तो सांगतो. या नियमाचे मोजमाप चालकाला किती दिसते यावरून होत नाही, समोरच्या माणसाच्या डोळ्यांवरून होते. दीड मीटर ही जवळजवळ बैलांबरोबर पायी चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उंची आहे. नियमकर्त्यांच्या मनात तो होता की नाही, हा प्रश्न निराळा.

दिपलेल्या डोळ्यांना पूर्ववत व्हावयास काही सेकंद लागतात, वय वाढले व मोतीबिंदू असला तर अधिकच. ताशी ६० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत वाहन ५० मीटर जाते. त्या ५० मीटरांत डाव्या कडेला उसाची टायरगाडी असेल, तर ती मोटारसायकलस्वारास दिसणार नाही. शिवाय ट्रॉलीच्या मागे लोंबणाऱ्या उसाआड तिचे मागचे दिवेही अनेकदा झाकले जातात. अशा गाडीस परावर्तक पट्टीचा मोठाच आधार असतो. ती पडलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठविते, तिला वीज लागत नाही, आणि चांगल्या स्थितीतील साध्या हॅलोजनच्या झोतातही ती दूरवरून चमकते. चिखलाने माखली वा उसाने झाकली मात्र ती निरुपयोगी ठरते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही पेटता ठेवण्याची व्यवस्था सक्तीची झाली, तेव्हा आखाखालच्या कंदिलाचेच तत्त्व पुन्हा कायद्यात आले.

आणखी एक गोष्ट नोंदविणे अगत्याचे आहे, कारण ती दिवा न बदलणाऱ्यांनाही लागू पडते. डिपरचा झोत साधारणतः शेकडा एक या उताराने, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली ठेवतात. मागे माल वा मजूर भरल्याने पिकअपचे तोंड एक अंश जरी वर उचलले गेले, तरी १० मीटरवर झोत साडेसतरा सेंटिमीटर वर चढतो आणि डिपर लावलेला असूनही समोरच्याच्या डोळ्यांकडे रोखला जातो. काही वाहनांत यासाठी चालकाजवळ एक लहान चकती असते. भार भरल्यावर ती फिरवून झोत खाली घ्यावयाचा असतो.