लाल रेषेमागची गोष्ट

वर्ड प्रोसेसरमध्ये अनोळखी शब्द लिहिला की खाली लाल नागमोडी रेषा येते. आपण राइट क्लिक करून तो शब्द डिक्शनरीत टाकतो, की झालं काम! इंग्रजीत बऱ्याचदा होतंही. मराठीत मात्र खरी कटकट इथूनच सुरू होते. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९६१ मध्ये एमआयटीत लेस अर्नेस्ट हाताने लिहिलेलं अक्षर संगणकाला वाचायला शिकवत होता. त्यासाठी त्याने १०,००० इंग्रजी शब्दांची यादी केली. पुढे १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या राल्फ गोरिनने 'स्पेल' हा प्रोग्रॅम लिहिला. तो चूक तर दाखवायचाच, वर बरोबर शब्दही सुचवायचा. बेल लॅब्जमध्ये डग मॅकइलरॉयने युनिक्सच्या 'स्पेल'साठी सुमारे ३०,००० शब्द ६४ केबीत कोंबले! शब्दांऐवजी त्यांचे आकडे साठवले आणि शेवटचे प्रत्यय कापून टाकले.

म्हणजे बघा, मशीनला भाषा वगैरे काही येत नव्हती. यादीत आहे की नाही, एवढंच तिला कळायचं. आणि यादी कधीच पुरी नसते, म्हणून तर आपली वेगळी डिक्शनरी लागते. वर्डची 'कस्टम डॉट डिक' उघडून बघा, एका ओळीत एक शब्द अशी साधी टेक्स्ट फाइल आहे.

आता त्यात 'हिंजवडी' टाका. 'हिंजवडीत', 'हिंजवडीला', 'हिंजवडीहून' हे मशीनच्या लेखी वेगळेच शब्द! एकेक किती टाकणार? शेवटी वैतागून आपण तपासणीच बंद करतो, आणि मग खऱ्या चुकाही बिनबोभाट निसटतात.

यावर उत्तर आलं हंगेरीतून. त्यांचंही दुखणं आपल्यासारखंच. 'हाझ' म्हणजे घर, 'हाझबान' म्हणजे घरात, 'हाझबोल' म्हणजे घरातून. लास्लो नेमेथने हंगेरियनसाठी 'हनस्पेल' लिहिलं. त्यात दोन फाइली: एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. ओपनऑफिस, फायरफॉक्स, क्रोम, सगळ्यांनी पुढे तेच घेतलं.

२०१८ च्या लिबरऑफिस ६.० पासून ही सोय आपल्या स्वतःच्या डिक्शनरीतही आली. ऑप्शन्समध्ये 'रायटिंग एड्स'मध्ये जा, नवी डिक्शनरी करा, भाषा मराठी निवडा (सगळ्या भाषा असं ठेवलंत तर ही सोय मिळत नाही). नवा शब्द 'हिंजवडी', आणि 'ग्रामर बाय'च्या रकान्यात 'नदी'. मुख्य मराठी शब्दकोशात 'नदी'ला जे प्रत्यय जोडलेले असतील, ते 'हिंजवडी'लाही लागतात. कदाचित 'हिंजवड्या'ही बरोबर ठरेल, पण तिथलं ट्रॅफिक बघता एकच पुरे!

असो. नमुन्याचा शब्द मात्र विचार करून निवडा. 'पुणे'चं 'पुण्यात' होतं, 'नदी'चा नियम तिथे चालत नाही. हे मशीनला कुणीतरी मराठी माणसानेच सांगायला हवं ना?