अक्राणी : सातपुड्यातील डोंगराळ तालुका

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, तापी आणि नर्मदा या दोन नद्यांच्या मधोमध सातपुड्याच्या रांगांनी वेढलेला अक्राणी तालुका नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. शासकीय कागदपत्रांत त्याचे पूर्ण नाव 'अक्राणी महाल' असे आढळते. व्यवहारात मात्र तालुक्याच्या मुख्यालयाच्या नावावरून त्याला सरसकट धडगाव असेच म्हटले जाते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तोपर्यंत हा तालुका धुळे जिल्ह्याचा भाग होता.

तालुक्याची भूमी काळ्या पाषाणाची व कमालीची खडकाळ आहे. दक्षिणेकडे डोंगर सरळ तापीच्या सपाटीवर उतरतात, तर उत्तरेकडे ते दऱ्याखोऱ्यांतून नर्मदेच्या पात्रापर्यंत पोहोचतात. पठारावरचे पाणी वाहून नेणारी उदई नदी नर्मदेलाच मिळते. नर्मदेचा जेमतेम ५४ किलोमीटरचा प्रवाह महाराष्ट्राच्या वाट्याला आला असून तो अक्राणी व शेजारच्या अक्कलकुवा या दोन तालुक्यांच्या सीमेवरून वाहतो. सुमारे १,१५० मीटर उंचीवरील तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण, तेथील यशवंत तलाव आणि गोरक्षनाथाचे मंदिर राज्यभर परिचित आहे. त्याहून उंच असलेल्या अस्तंबा डोंगरावर धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते. जखमेवर लावण्यासाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा याच डोंगरात वावरतो, अशी श्रद्धा आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ९५ हजार होती व त्यांपैकी दहांत नऊहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. भिल्ल व पावरा हे येथील प्रमुख समाज होत. गाव म्हणजे घरांची दाटी, ही देशावरची कल्पना येथे लागू पडत नाही. एकेक घर आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर उभे असते आणि अशा विखुरलेल्या घरांच्या पाड्याला 'फळी' म्हणतात. मका, ज्वारी आणि भगरीसारखी भरड धान्ये ही मुख्य पिके आहेत. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून उन्हात वाळवल्या जातात. हा आमचूर आणि मोहाची फुले विकून अनेक कुटुंबांच्या हाती रोख पैसा येतो. होळीपूर्वी भरणारा भोंगऱ्या बाजार हा वर्षातील सर्वांत मोठा मेळावा असतो. धडगाव, वडफळ्या व रोषमाळ बुद्रुक या लगतच्या गावांची मिळून २०११ च्या जनगणनेनंतर नगरपंचायत स्थापन झाली. उर्वरित तालुका पूर्णतः ग्रामीण आहे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. डोंगरातील भिल्लांचा प्रतिकार मोडण्यासाठी १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अधिकाऱ्याच्या हाती भिल्ल पलटण देण्यात आली. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तेव्हा हा भाग पश्चिम खानदेशात राहिला. मात्र तालुक्याच्या भवितव्यावर सर्वाधिक परिणाम वनखात्याच्या सीमांकनाचा झाला, असे म्हणावे लागेल. विस्तीर्ण क्षेत्र राखीव वन ठरले आणि त्यातील वस्त्या 'वनगावे' म्हणून नोंदल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्यांच्या नावे सातबारा नव्हता. कायद्याच्या भाषेत ते अतिक्रमणदार होते.

या त्रुटीचे गांभीर्य सरदार सरोवर प्रकल्पामुळे उघड झाले. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. त्यानंतर ठरलेल्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ गावे येत होती, अक्राणीतील २४ व अक्कलकुव्यातील ९. ज्यांच्याकडे जमिनीचा कागदच नाही, त्यांना प्रकल्पग्रस्त मानावे किंवा नाही, हा पुनर्वसनातील कळीचा वाद ठरला. विस्थापितांना जमीन देण्यासाठी तळोदा तालुक्यातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन १९९० व १९९४ मध्ये दोन टप्प्यांत मोकळी करण्यात आली, तेव्हा ती जमीन आधीपासून कसणाऱ्या आदिवासींनी विरोध केला. एका आदिवासी कुटुंबासाठी दुसऱ्याला उठवण्याची ही वेळ होती. मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखालील नर्मदा बचाव आंदोलनामुळे डोमखेडी व निमगव्हाण ही अक्राणीची गावे देशभर चर्चेत आली. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी धरणाच्या बांधकामास अनुमती दिली आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी १३८.६८ मीटर उंचीच्या या धरणाचे लोकार्पण झाले. नदीकाठची शेते व जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. काठावर उरलेल्या पाड्यांसाठी बोट हेच वाहन झाले आणि शासनाला तरंगते दवाखाने सुरू करावे लागले.

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली (तालुका शहादा) येथे देण्यात आला. त्या वेळीही पठारावरील अनेक कुटुंबे जमिनीच्या नोंदीच्या प्रतीक्षेत होती. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाल्यानंतर दावे दाखल करण्याचा मार्ग खुला झाला. मात्र पुरावा गोळा करणे, मोजणी आणि पडताळणी या टप्प्यांवर प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळली.

दळणवळणाचा प्रश्न तर पावसाळ्यात जिवावर बेततो. तळोद्याहून धडगावला जाणारा चांदसैली घाट दरडींमुळे वारंवार बंद पडतो. सप्टेंबर २०२१ मध्ये असाच रस्ता अडला असताना एक आदिवासी गृहस्थ आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन रुग्णालयाच्या दिशेने पायी निघाले. तिचा वाटेतच मृत्यू झाला. रस्ता न पोहोचलेल्या पाड्यांवरून आजही रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणले जाते. या झोळीला 'बांबूलन्स' असेही म्हटले जाते.